उजवी किनार

वामनराव धकाते यांच्या संकेतस्थळाची उजवी बाजू कोरी आहे. ती चूक नाही. डावीकडे वरपासून खालपर्यंत करवती किनार उतरते, मध्ये मजकूर आहे, आणि उजवीकडे कोशाच्या म्हणजे कोसा रेशमाच्या रंगाची मोकळी पट्टी आहे. अधूनमधून एखादा वाचक लिहून कळवतो की आपली साइट अर्धवट उघडते, दुरुस्त करून घ्या. त्याला उत्तर मी देतो. ‘दुरुस्तीची गरज नाही’, एवढेच. कारण एका ओळीत सांगता येण्याजोगे नाही, म्हणून हे लिहीत आहे.

जवाहरनगरच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होतो, ते ड्रॉइंग विभागात. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही नोकऱ्या काढल्या. निवृत्तीनंतर दोघांनीही शहापुरात घरे बांधली, तीही एकाच गल्लीत. लोक याला मैत्री म्हणत. आम्ही तो शब्द कधी वापरला नाही.

वामनराव मूळचे मोहाडीचे, विणकरांच्या गल्लीतले. वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी माग सोडला आणि नोकरी धरली. परंतु मागाने त्यांना सोडले नव्हते. कोणीही भेटले की ते नमस्काराऐवजी विचारीत, “माग चालू हाये ना?” त्यांच्या गल्लीत एकमेकांची खुशाली अशीच विचारली जाई. कारखान्यात याचा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. विभागप्रमुख उत्तरेकडचे होते. त्यांना वाटे की हा मनुष्य आपल्या एखाद्या दुखण्याची चौकशी करतो. ते दरवेळी गंभीरपणे सांगत, “हाँ धकाते, अब ठीक है।”

दुसरी सवय अधिक त्रासदायक होती. समोरच्याच्या अंगावरचे कापड बरे दिसले की ते त्याचा काठ चिमटीत धरीत, उलटा करीत आणि मागची बाजू पाहत. लग्नात, बसमध्ये, रांगेत, कोठेही. एका निरोप समारंभात मोठ्या साहेबांच्या खांद्यावर शाल घातली जात होती. छायाचित्रकार सज्ज होता. वामनराव पुढे झाले, शालीचे टोक त्यांनी उलटे केले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, “मिलचं हाये.”

साहेबांनी वळून विचारले, “क्या बोले?”

“कुछ नहीं साहब. किनारा देख रहा था।”

त्या छायाचित्रात साहेब हसत आहेत आणि वामनराव शालीकडे पाहत आहेत. 

ते कमी बोलत. मीही कमी बोलतो. त्यामुळे आमच्या संध्याकाळी लांब असत. त्यांच्या ओसरीत सागवानाचा एक लांब बाक होता. त्यावर चार माणसे सहज बसली असती. वामनराव त्याच्या डाव्या टोकाला बसत आणि येणाऱ्याला खुर्ची देत. बाकावर कोणी टेकू लागला की म्हणत, “तिथं नका बसू.” निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत आला आणि थेट बाकाच्या उजव्या टोकावर बसला. वामनरावांनी त्यालाही उठवले.

“का हो काका, कोणासाठी राखीव आहे?” तो हसून म्हणाला.

“बसणाऱ्यासाठी.”

मी त्यांना त्याविषयी कधी विचारले नाही. त्यांच्याकडे मी खुर्चीवर बसत असे. ती खुर्ची ठीक होती.

त्यांना मूल नव्हते. निवृत्तीनंतर थोड्याच काळात पत्नी सिंधूताई गेल्या. त्या दिवसांतली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. चिखल्याहून त्यांची थोरली बहीण आली होती, यमुनाबाई. तिचे यजमान तिथल्या मँगनीजच्या खाणीत होते. ती ओसरीत आली, बाकाकडे तिने एकदाच पाहिले आणि बाक रिकामा असताना जमिनीवर बसली. पाणी प्यायली नाही. भावाशी एक शब्द बोलली नाही. दुपारच्या बसने परत गेली. वामनराव दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

त्यानंतर ते एकटे राहिले. भात आणि एक भाजी स्वतः करीत. कारखान्याचा भोंगा ऐकून जेवायला बसण्याची सवय निवृत्तीनंतरही मोडली नाही. मग एक दिवस त्यांनी संगणक आणला आणि मराठी टंकलेखन शिकले. ते मोहाडीच्या गल्लीविषयी लिहू लागले: पहाटे रस्ताभर ताणलेला उभ्या धाग्यांचा ताणा, त्यावर खळ फिरवणारी माणसे, तेवढ्या वेळापुरती थांबवलेली बैलगाडी, खळीचा आंबूस वास. याला त्यांच्याकडे पांजणी म्हणत. लिखाण चांगले होते. मी तसे सांगितले नाही. फक्त दोन ठिकाणी स्वल्पविराम सुचवले. त्यांनी एक स्वीकारला.

“हे कुठंतरी ठेवावं लागंल,” ते म्हणाले.

“ब्लॉग काढा. फुकट मिळतो. लोक काढतात.”

“फुकटचा दुसऱ्याच्या मापाचा राह्यते.”

अशा रीतीने आम्ही भंडाऱ्याला रुचिका मेश्राम हिच्याकडे गेलो. मी गेलो, कारण दुचाकी माझी होती. झेरॉक्सच्या दुकानावर एका खोलीत तिचे कार्यालय होते. राइस मिल, शिकवणी वर्ग, लग्नाचे लॉन, अशांच्या वेबसाइटी ती बनवीत असे. वय पंचविशीच्या पुढे, बोलणे झपाट्याचे. तिने पडद्यावर नमुने उघडले.

“काका, ह्या बघा तयार थीम. एक पसंत करा, साइट उभी करून देते.”

“हे कोणाच्या मापाचं हाय?”

“कोणाच्याच नाही. सगळ्यांना बसते.”

“सगळ्यांना बसते ते मले नको.”

तिने माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहिले.

“मग कस्टम करावं लागेल. तुम्हाला आवडलेली एखादी साइट आहे का? लिंक द्या.”

वामनरावांनी पिशवीतून जुन्या धोतराची एक पट्टी, कोशाच्या धाग्याची गुंडी आणि आलेखाचा कागद काढला. कागदावर चौकटी भरून काढलेली करवती किनार होती: करवतीचे दात असतात तशी, टोके आत वळलेली.

“मी लिंक मागितली, काका. तुम्ही तर कापड आणलं.”

“मले दुसऱ्याची साइट कोणतीच नाही आवडली. कापड आवडलं.”

ती हसली नाही. पट्टी हातात घेऊन तिने काठ उलटा केला आणि मागची बाजू पाहिली. वामनरावांनी तिला त्याच क्षणी पसंत केले असावे. कारण पुढे ती त्यांना जे बोलली, ते दुसऱ्या कोणाकडून त्यांनी ऐकून घेतले नसते.

पहिले भांडण किनारीच्या रुंदीवरून झाले. वामनरावांना पानाच्या दोन्ही बाजूंना किनार हवी होती आणि लुगड्याच्या काठाइतकी भरदार हवी होती.

“काका, ऐका. लोकं मोबाइलवर वाचतात. दोन्हीकडे एवढी किनार लावली तर मधात मजकुराले जागा कुठं उरली? एका ओळीत दोन शब्द बसतील.”

“मंग ओळी वाढतीन.”

“वाचणारा पळून जाईल.”

“पळणारा मले पाहिजेच नाही.”

“मग कोणासाठी बनवून राहिले साइट?”

वामनराव आलेखाच्या कागदाची घडी नीट करीत बसले. तो प्रश्न माझ्याही मनात होता. रुचिकाने तो दुसऱ्यांदा विचारला नाही. तिने मोबाइलसाठी अरुंद किनार केली, पण दात मोडले नाहीत; फक्त संख्येने कमी केले. वामनरावांनी फोन डोळ्यांशी नेऊन एकेक दात पाहिला आणि म्हणाले, “जोड दिसून राह्यली.” किनार म्हणजे एकाच चौकोनी चित्राची रांग होती; एक चौकोन संपून दुसरा सुरू होतो तिथे केसाएवढी रेघ होती. ती मला दिसली नाही. रुचिकाला दिसली. ती म्हणाली, “अरे देवा, हो,” आणि पुन्हा बसली.

दुसरे भांडण रंगाचे. पानाचा रंग पांढरा नको, कच्च्या कोशाचा हवा. तिने धागा पडद्यावर धरून रंग जुळवला. वामनराव समाधानाने घरी आले आणि माझ्या फोनवर पाहिले, तो रंग पिवळा. त्यांच्या फोनवर राखट. दुसऱ्या दिवशी ते भंडाऱ्याच्या एका मोबाइलच्या दुकानात उभे राहिले आणि मांडून ठेवलेल्या प्रत्येक फोनवर आपली साइट उघडून त्यावर धागा धरू लागले.

दुकानदार आला. “आजोबा, घ्यायचा आहे का फोन?”

“नाही.”

“मग हे काय करून राहिले?”

“तुमच्या एकाबी फोनले कोसा समजत नाही.”

त्याने त्यांना बाहेर काढले. वामनराव तेथून सरळ रुचिकाकडे गेले. ती म्हणाली, “काका, प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे. कोणाले कसा दिसंल ते आपल्या हातात नसते.” त्यांनी हातातला धागा पुन्हा गुंडीला गुंडाळला. मग म्हणाले, “एका फोनवर बरोबर दिसला तरी चालंल.” कोणत्या फोनवर, हे तिने विचारले आणि त्यांनी सांगितले नाही.

तिसरी गोष्ट भांडणाची नव्हती. कागदावर किनार एकच होती, डावी. रुचिकाने उजवी मागितली.

“तशीच,” वामनराव म्हणाले. “उलटी करून लाव.”

एका क्षणात डावी किनार उलटून उजवीकडे बसली. दोन्हीकडचे दात समोरासमोर आले. पान खरोखर लुगड्यासारखे दिसू लागले. वामनरावांनी मान हलवली, पण ते पडद्याच्या उजव्या बाजूकडे आवश्यकतेपेक्षा अधिक वेळ पाहत राहिले, हे मी नोंदले.

साइट सुरू झाली. किती लोक येतात ते दाखवणारा आकडा पानावर लावू का, असे रुचिकाने विचारले. ते म्हणाले, “कोण आलं ते मोजाचं नाही.” परंतु आठवड्यातून एकदा ते तिला फोन करीत आणि कोणत्या गावांतून लोक आले ते विचारीत. ती वाचून दाखवी: नागपूर, पुणे, भंडारा, तुमसर.

“चिखल्याहून कोणी?”

“काका, ते लहान गाव नाही दाखवत. जवळचं मोठं दाखवते. तुमसर आहे ना.”

“तुमसर हाये,” ते फोन ठेवून मला सांगत. दर आठवड्याला तेवढेच सांगत. मी “बरे” म्हणत असे. ओसरीसमोरच्या भाताच्या बांध्यांत तेव्हा धान निघून लाखोळी, तिकडची डाळ, उगवली होती. आम्ही तिच्याकडे पाहत बसत असू.

पांजणीवरचा लेख विणकर कुटुंबांच्या गटांतून फोनवर फिरला. त्यानंतर एका सकाळी वामनराव माझ्या दारात आले. ते सहसा येत नसत. मीच जात असे. त्यांनी फोन पुढे केला. लेखाखाली कोणीतरी प्रतिक्रिया लिहिली होती. लिहिणारीचे नाव प्रणाली. मजकूर असा: ‘आजी म्हणते, उजवी किनार चुकली.’

“यमुची नात,” ते म्हणाले.  “बोलली यमु.”

त्या दिवशी ते माझ्या घरी बसले आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत जेवढे सांगितले नव्हते तेवढे त्यांनी सांगितले.

करवतकाठी लुगडे एका माणसाला विणता येत नाही. त्याला आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात: एक मधल्या अंगाचा, एकेक दोन काठांचा. काठाचा धागा आणि अंगाचा धागा प्रत्येक फेरीत एकमेकांत अडकवावे लागतात. त्यातून ते दात उठतात. त्यांच्या घरी मधला धोटा वडील फेकीत. डाव्या काठाला वामन बसे, उजव्या काठाला यमुना. आपल्या काठावरून नजर हलली की वडिलांचा हात बसे. त्यामुळे दोघे बहीणभाऊ एका कापडावर लहानाचे मोठे झाले आणि वामनने आपलीच बाजू पाहिली. विणलेले लुगडे व्यापारी घेऊन जाई. घरात कोणतेही राहिले नाही. अपवाद यमुनेच्या लग्नातले, जे तिने स्वतः उजव्या काठाला बसून विणले होते. ते तिच्याबरोबर गेले.

“तिची बाजू वेगळी होती, हे ध्यानातच नाही आलं. डावीच उलटी करून ठेवून देली,” ते म्हणाले. “मशीनले सोपं पडते.”

“आणि बोलणे का बंद होते?”

त्यांनी बोट आपल्या घराच्या दिशेने केले. वडील गेल्यावर मोहाडीचे घर बंद पडले. माग तसाच उभा होता. त्यांच्या गल्लीत माग कधी रिकामा ठेवीत नाहीत. जुन्या ताण्याची टोके त्यावर राहू देतात आणि नवा ताणा त्यांनाच जोडतात. वामनरावांनी ती टोके कापली, माग उतरवला आणि त्याच्या सागवानाचा बाक करून घेतला. लाकूड कुजण्यापेक्षा बरे, असे त्यांना वाटले. बहिणीला विचारायला हवे, हे मात्र मनात आले नाही. ती सिंधूताईंच्या वेळी ओसरीत आली तेव्हा बाकाच्या पायांवरची मागाची भोके तिने ओळखली.

मी त्यांना चिखल्याला जाण्यास सांगितले. ते म्हणाले, “बोलावलं नाही.” मी म्हणालो, “चुकली म्हणून कळवले, ते बोलावणेच आहे.” दोन दिवसांनी त्यांनी माझ्या खिडकीवर टकटक केली. हातात आलेखाच्या कागदाची गुंडाळी होती.

तुमसरला बस बदलून आम्ही चिखल्याला पोहोचलो. खाणीच्या वसाहतीत पत्र्यांवर, झाडांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळपट धूळ होती. यमुनाबाई दारातच बसल्या होत्या. भावाला पाहून त्या उठल्या नाहीत आणि आतही गेल्या नाहीत.

“माग चालू हाये ना?” वामनराव म्हणाले. 

“कोणता माग?”

ते जागच्या जागी उभे राहिले. शेवटी प्रणालीने, म्हणजे नातीने, त्यांना हाताला धरून आत नेले. मी दाराबाहेरच्या खाटेवर बसलो. आत पेटी उघडल्याचा आवाज आला. डांबरगोळ्यांचा वास आला. मी वळून पाहिले नाही.

“पाह्य,” यमुनाबाई म्हणाल्या.

जुन्या कापडाची घडी उलगडल्याचा आवाज आला.

“तुले कोनं सांगतलं ते दोन्ही बाजू सारख्या राह्यतेत?”

“मशीनवर उलटी केली.”

“मशीनले काय समजते? तू तं मले बी नाही इचारलं.”

“चुकलं, यमु.”

“कायचं चुकलं? किनारीचं का मागाचं?”

“दोन्हीचं.”

 मग नातीचा आवाज: “आबा, फोटो काढून देऊ का? साइटवर लावता येईल.”

“नको,” वामनराव म्हणाले.

“कागद तरी आणलाय ना तुम्ही. काढून घ्या.”

“राहू दे बेटा.”

पेटीचे झाकण लागले. वामनराव बाहेर येऊन खाटेवर टेकले आणि आम्हा दोघांना चहा आला. यमुनाबाईंनी घेतला नाही. निघताना त्या भावाशी काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, “याले घरापावतर सोडून द्या. रस्त्यानं पाह्यत नाही हा, लोकायचे काठच पाह्यते.”

बसमध्ये गुंडाळी त्यांच्या मांडीवर होती, तशीच कोरी.

“पाहिलीत ना किनार?”

“पाह्यली. दात कलते तिचे. वरच्या अंगाले. धागा ओढून धरे ते, लहानपणापासून.”

“मग काढून का घेतली नाही? ती काही बोलली नसती.”

“तिनं ‘पाह्य’ म्हटलं. ‘ने’ नाही म्हटलं.” काही वेळाने ते म्हणाले, “मागाच्या टायमाले हेच नव्हतं समजलं मले.”

दुसऱ्या दिवशी रुचिकाकडे जाऊन त्यांनी उजवी किनार काढून टाकण्यास सांगितले.

“आणि तिथं काय लावू?”

“काही नाही.”

“काका, एक बाजू उघडी ठेवली तर लोकं म्हणतील साइट तुटली. खाली माझं नाव आहे.”

“नाव काढून घे.”

“नाही काढत.” ती चिडली होती. “तुमचं काय ते मले समजत नाही, पण नाव राहील. आणि ही जागा किती दिवस उघडी ठेवायची?”

“तिनं सांगेपर्यंत.”

तिने किनार काढली. उजवी पट्टी तिने मजकुराला दिली नाही. तेवढीच रुंद आणि मोकळी ठेवली. हे तिला कोणी सांगितले नव्हते.

वामनरावांनी त्यानंतर वर्षभर लिहिले. धोट्यावर, खळीच्या भांड्यावर, वडिलांच्या खोकल्यावर. प्रत्येक लेख टाकल्यावर ते आठवड्याने फोन करीत. तुमसर असे. प्रतिक्रिया मात्र पुन्हा आली नाही. एकदा मी म्हणालो की आपणच पुन्हा जाऊ. त्यांनी नकार दिला. “एकदा गेलो, ते इचाराले. आता जाईन तं मांगाले गेल्यासारखं होईन.”

मी त्यांना शेवटचे पाहिले ते पावसाळा संपता संपता, एका संध्याकाळी. ओसरीत संगणकाचे टेबल बाकासमोर ओढून घेतले होते. ते बाकाच्या डाव्या टोकाला बसले होते, इतके कडेला की अर्धे अंग बाहेर होते. पडद्याच्या उजेडात त्यांचा एक हात बाकाच्या मोकळ्या फळीवर उताणा पडलेला होता. समोरच्या बांध्यांत पाणी साचून होते. मला वाटले, झोप लागली असावी. मी फाटकातून हाक मारली नाही. त्यांनीच मान न वळवता विचारले, “शेषराव, माग चालू हाये ना?”

“चालू आहे,” मी म्हणालो आणि पुढे गेलो. सकाळी दूधवाल्याने मला बोलावले.

चिखल्याला मी कळवले. यमुनाबाई त्या दिवशी पोहोचू शकल्या नाहीत. दशक्रिया झाल्यावर एका दुपारी नातीबरोबर आल्या. किल्ली माझ्याकडे होती. मी दार उघडले. त्यांनी लुगडे नेसले होते. कोशाचे, जुने, घड्यांवर विरलेले. अंगावर नेसलेल्या वस्त्रातली डावी किनार कोणती आणि उजवी कोणती, हे मला सांगता येत नाही. परंतु एका काठाचे दात सरळ होते. दुसऱ्याचे किंचित वर कललेले होते.

“वामन्याचं ते दाखव,” त्या नातीला म्हणाल्या.

प्रणालीने संगणक लावला. पान उघडले. यमुनाबाई उभ्यानेच पाहत होत्या. मग त्यांनी पडद्याच्या उजव्या कडेला बोट लावले.

“हे काहून उघडं?”

नातीला उत्तर माहीत नव्हते. मी सांगितले, “तुम्ही दिली नाही, म्हणून त्यांनी घेतली नाही.”

त्यांनी बोट काढले नाही.

“आजी,” प्रणाली म्हणाली, “नेसलीच आहेस तर फोटो काढू का? रुचिकाताई लावून देतील. आबांना आवडलं असतं.”

“कोणासाठी?”

मुलीने फोन खाली केला. यमुनाबाईंनी पदर आवरला. “किनार द्याले आणली होती मी,” त्या म्हणाल्या. कोणाला, ते म्हणाल्या नाहीत. “जागा राहू द्या तशीच.”

मग त्यांनी बाकाकडे पाहिले. फळीवरून हात फिरवला, पायाजवळ वाकून मागाचे एक भोक बोटाने चाचपले, आणि त्या बाकाच्या उजव्या टोकाला बसल्या. कडेला, अर्धे अंग बाहेर ठेवून. नात त्यांच्या शेजारी बसायला आली तेव्हा त्यांनी हाताने तिला थांबवले.

डावे टोक रिकामे राहिले. मी खुर्ची ओढून घेतली.